पिंपरीपुढचे साडेचार किलोमीटर

पुणे मेट्रोची पहिली मार्गिका स्वारगेटहून निघून पिंपरीत महापालिका भवनाजवळ थांबते. शहर मात्र तिथून पुढे बरेच पसरले आहे. जुन्या पुणे-मुंबई महामार्गाने पुढे गेले की चिंचवड स्टेशनचा परिसर लागतो, मग आकुर्डी, निगडी आणि भक्ती-शक्ती चौक. महामार्गाच्या एका अंगाला प्राधिकरण या निवासी भागाचे सेक्टर आहेत, दुसऱ्या अंगाला कारखाने आणि त्यांच्यामागे यमुनानगर, रुपीनगर, तळवडे, चिखली. या वस्तीतून पुण्याला जाणाऱ्या माणसाला मेट्रो पकडण्यासाठी आधी चार-पाच किलोमीटर यावे लागते. ते तो बसने, शेअर रिक्षाने किंवा स्वतःच्या दुचाकीने येतो. दुचाकी काढलीच असेल तर ती पिंपरीत ठेवण्यापेक्षा थेट पुण्यापर्यंत नेणे बऱ्याच जणांना सोयीचे वाटते, आणि मेट्रोचा एक प्रवासी तिथेच कमी होतो.

ही मार्गिका पिंपरीत संपावी असे दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने तयार केलेल्या मूळ आराखड्यातच होते. त्या आराखड्यात पिंपरी ते स्वारगेट 16.59 किमी आणि वनाज ते रामवाडी 14.66 किमी असे दोन मार्ग होते. त्यावर बरीच वर्षे चर्चा झाली. मेट्रो जमिनीखालून न्यावी की वरून, यावर शहरात मोठा वाद झाला. अखेर डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि त्याच महिन्याच्या 24 तारखेला भूमिपूजन झाले. पहिली गाडी 6 मार्च 2022 रोजी धावली, तीही दोन तुकड्यांवर: पिंपरी ते फुगेवाडी आणि वनाज ते गरवारे महाविद्यालय. 1 ऑगस्ट 2023 रोजी दोन्ही मार्ग शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांना मिळाले. 6 मार्च 2024 रोजी रामवाडीपर्यंतचा टप्पा आणि 29 सप्टेंबर 2024 रोजी स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा खुला झाला. सुमारे 33 किलोमीटरचे मूळ जाळे असे पावणेआठ वर्षांत पुरे झाले.

अर्धवट जाळ्याचा उपयोग किती कमी असतो, हे पुणेकरांनी याच काळात पाहिले. मार्च 2022 मध्ये पिंपरीहून निघालेली मेट्रो फुगेवाडीला थांबत असे. तिथून पुण्याला जाणाऱ्याला पुन्हा बस शोधावी लागे. सुरुवातीची गर्दी मेट्रो कशी आहे हे पाहायला येणाऱ्यांची होती. लोक सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन येत, फोटो काढत आणि त्याच गाडीने परत जात. कामाला जाणारा माणूस तिच्याकडे वळला तो दोन्ही मार्ग जोडले गेल्यावर. गाड्या आणि डबे तेच होते, रूळही तेच होते. फरक एवढाच पडला की रूळ आता माणसाला जिथे जायचे होते तिथवर पोहोचले.

निगडीच्या बाबतीत हाच प्रश्न दुसऱ्या टोकाला आहे. पिंपरी-चिंचवडला आजही कोणी पुण्याचे उपनगर म्हणते. पण 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, त्यानंतर औद्योगिक वसाहत वाढत गेली, आकुर्डीला बजाजचा कारखाना उभा राहिला, आणि बघता बघता काही खेड्यांचे औद्योगिक नगर झाले. 1970 साली नगरपालिका, 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण आणि 1982 साली महापालिका झाली. 1981 च्या जनगणनेत अडीच लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 17 लाखांच्या पुढे गेली. कामगारांना परवडणारे भूखंड आणि घरे मिळावीत म्हणून आखलेले प्राधिकरण आज निगडी आणि आकुर्डीच्या मधला मोठा निवासी भाग आहे. ज्या नगरासाठी ही मार्गिका पिंपरीपर्यंत आणली, त्याची दाट वस्ती शेवटच्या स्थानकाच्या पुढे राहिली आहे.

या महामार्गावरची वर्दळ जुनी आहे. आषाढी वारीत देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी निगडीवरून येते, आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी याच वाटेने पुण्यात दाखल होते. भक्ती-शक्ती चौकाला नाव देणारे शिवाजी महाराज आणि तुकोबांच्या भेटीचे शिल्पही याच वाटेवर आहे. देहू, देहूरोड, तळेगाव आणि रावेत इथून येणारे रस्ते ज्या टापूत महामार्गाला मिळतात, तो हा निगडीचा टापू. पीएमपी या शहर बससेवेचे मोठे बसस्थानक निगडीला आहे ते यामुळेच. ‘निगडी-मनपा’ ही पाटी लावलेल्या बसने गेल्या दोन-तीन पिढ्यांनी कॉलेज, कोर्टकचेऱ्या, मंडई आणि नोकऱ्या केल्या. प्रवाशांनी पायाने आणि बसने जे टोक ठरवले ते निगडीच आहे. पिंपरी हे टोक कागदावर ठरले.

पिंपरी ते निगडी हा विस्तार सुमारे 4.4 किलोमीटरचा आहे. तो पूर्ण उन्नत, म्हणजे खांबांवरून जाणारा आहे. चिंचवड, आकुर्डी, निगडी आणि भक्ती-शक्ती अशी त्याची स्थानके आहेत. मूळ आराखड्यात तो नव्हता. नागरिकांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरली, महापालिकेने ती उचलली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. खर्चाचा अंदाज 910 कोटी रुपयांचा आहे. 6 मार्च 2024 रोजी त्याचे भूमिपूजन झाले.

910 कोटी हा आकडा एकटा वाचला की फार मोठा वाटतो. तो दुसऱ्या मार्गांच्या शेजारी ठेवून पाहायला हवा. निगडीच्या विस्ताराला दर किलोमीटरमागे सुमारे 206 कोटी रुपये पडतात. स्वारगेट ते कात्रज हा 5.46 किमीचा भुयारी विस्तार ऑगस्ट 2024 मध्ये 2,954 कोटींना मंजूर झाला, म्हणजे किलोमीटरमागे 541 कोटी. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली हे 12.75 किमीचे दोन विस्तार जून 2025 मध्ये 3,626 कोटींना मंजूर झाले. तिथे हा दर सुमारे 284 कोटी येतो. खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला आणि नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग या नव्या मार्गांना नोव्हेंबर 2025 मध्ये मान्यता मिळाली. त्यांची लांबी 31.6 किमी आणि खर्च 9,857 कोटी आहे, म्हणजे किलोमीटरला 311 कोटींच्या वर. या सगळ्यांत निगडीचा किलोमीटर सर्वांत स्वस्त आहे. कारण साधे आहे. रस्ता रुंद आणि बराचसा सरळ आहे, खांबांसाठी जागा रस्त्यातच मिळते, भुयार खणायचे नाही आणि घरेही फारशी पाडायची नाहीत.

विस्ताराच्या बाजूने आणखी एक हिशेब आहे, तो सहसा कोणी मांडत नाही. पहिल्या मार्गिकेवर पिंपरी ते स्वारगेट 14 स्थानके धरली आहेत. 14 स्थानकांमधून कोणतीही दोन निवडली तर 91 जोड्या होतात, म्हणजे या मार्गावर 91 वेगवेगळे प्रवास करता येतात. त्यांत चार स्थानकांची भर पडली की 18 स्थानके होतात आणि जोड्या 153 होतात. मार्गाची लांबी पावपट वाढते, पण शक्य प्रवास दोन-तृतीयांशाहून अधिक वाढतात. सगळ्या जोड्या सारख्याच गर्दीच्या नसतात, हे खरेच. आकुर्डी ते फुगेवाडी कमी लोक जातील आणि निगडी ते शिवाजीनगर खूप जास्त. पण नवा मार्ग शून्यातून उभारणे आणि चालू मार्ग लांबवणे यांतला फरक या साध्या गणितात दिसतो. चालू मार्ग वाढवला की प्रत्येक नवे स्थानक आधीच्या सगळ्या स्थानकांना एकाच वेळी जोडले जाते.

शिवाय निगडीला चढलेला प्रवासी फक्त चार किलोमीटर जात नाही. तो पुढे पिंपरीहून शिवाजीनगर, मंडई किंवा स्वारगेटपर्यंत जातो. त्या सतरा किलोमीटरचा खर्च आधीच झालेला आहे. तिथले रूळ, सिग्नल, वीज आणि रेंजहिल्सची कारशेड आहेतच, आणि पिंपरीहून सुटणाऱ्या गाड्यांत जागाही आहे. नव्या भागावरचा प्रवासी जुन्या भागावरच्या रिकाम्या आसनांना तिकीट मिळवून देतो. विस्ताराचा नफा-तोटा फक्त विस्ताराच्या चार स्थानकांच्या उत्पन्नावर मोजला तर ही गोष्ट हिशेबातून सुटते.

गाड्या किती जास्त लागतील, याचाही अंदाज बांधता येतो. मेट्रोचा थांब्यांसह सरासरी वेग ताशी 30 किमीच्या आसपास धरला, तर 4.4 किमी जायला नऊ मिनिटे आणि यायला नऊ मिनिटे, असा एकंदर 18 मिनिटांचा फेरा वाढतो. दर सहा मिनिटांनी गाडी सोडायची असेल, तर या जादा फेऱ्यासाठी तीन डब्यांच्या आणखी तीन गाड्या पुरतात. इतक्या थोड्या वाढीत सबंध नगराचे टोक मेट्रोवर येते.

या विस्तारावर सर्वांत गंभीर आक्षेप लोहमार्गाचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून याच दिशेने धावते. चिंचवड आणि आकुर्डी ही तिची स्थानके आहेत. तिकीटही मेट्रोपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मग त्याच वाटेला दुसरी गाडी कशाला? याचे उत्तर लोकलच्या वेळापत्रकात आहे. या मार्गावर दोनच रूळ आहेत. त्यांवरून मुंबईच्या एक्सप्रेस गाड्या जातात आणि मालगाड्याही. लोकलला उरलेल्या वेळेत बसवावे लागते, म्हणून दुपारी दोन लोकलमध्ये मोठी पोकळी पडते. वेळापत्रक पाठ नसलेल्या माणसाला ती गाडी रोजच्या हाताशी धरता येत नाही. शिवाय आकुर्डीचे रेल्वे स्थानक महामार्गापासून बरेच आत, प्राधिकरणाच्या बाजूला आहे, आणि लोकल शिवाजीनगरहून वळून पुणे स्टेशनला जाते. कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेटला ती जात नाही. तिसरा आणि चौथा रूळ टाकला गेला तर लोकल खूपच सुधारेल, आणि त्यासाठी आग्रह धरणे योग्यच आहे. पण तळेगाव-लोणावळ्याहून येणाऱ्यासाठी लोकल आणि निगडी-आकुर्डीच्या माणसासाठी मेट्रो, अशी कामाची वाटणी त्यामुळे अधिक पक्की होईल. चिंचवडला लोहमार्ग आणि महामार्ग अगदी शेजारी आहेत. तिथे मेट्रोचे स्थानक रेल्वे स्थानकाला नीट जोडले, तर या दोन सेवा एकमेकींना प्रवासी देऊ लागतील.

दुसरा आक्षेप बसचा. दापोडी ते निगडी हा जलद बसचा, म्हणजे बीआरटी मार्ग 2018 साली सुरू झाला. त्याची स्वतंत्र मार्गिका महामार्गावरच आहे. मग बसने पिंपरीपर्यंत येऊन मेट्रो का पकडू नये, असे विचारले जाते. कागदावर ही सोय पुरेशी दिसते. प्रत्यक्षात निगडीचा माणूस थांब्यावर बसची वाट पाहतो, पिंपरीला उतरतो, रस्ता ओलांडतो, जिना चढतो, बॅग तपासणीच्या रांगेत उभा राहतो आणि पुन्हा गाडीची वाट पाहतो. वाहतूक नियोजनात असे गृहीत धरतात की थांबण्याचे एक मिनिट प्रवाशाला चालत्या गाडीतल्या दीड-दोन मिनिटांइतके जड जाते. मध्ये गाडी बदलावी लागली की त्याचे वेगळे ओझे होते. गुडघे दुखणाऱ्या बाईला किंवा कडेवर मूल घेतलेल्या आईला हे समजावून सांगावे लागत नाही. निगडीहून सुटलेली गाडी थेट मंडईला जात असेल, तर ही बदली मुळातच टळते.

निगडीपर्यंत ट्राम किंवा तिच्यासारखी हलकी गाडी न्यावी का, हा प्रश्नही याच मुद्द्याशी येऊन थांबतो. ट्राम महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत 9 मे 1874 रोजी घोड्यांनी ओढलेली ट्राम सुरू झाली, 1907 मध्ये ती विजेवर आली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची फेरी करून बंद झाली. अलीकडे केंद्राने ‘मेट्रोलाइट’ या नावाने रस्त्याच्या पातळीवरून धावणाऱ्या, ट्रामसारख्या गाडीची मानके 2019 साली ठरवली. एका दिशेने तासाला 15,000 पर्यंत प्रवासी असतील अशा मार्गांसाठी ती आहे. तिचा खर्च मेट्रोपेक्षा बराच कमी येतो. ज्या नगरात मेट्रो नाही, तिथे ही चांगली निवड आहे. पण निगडीत तिचा अर्थ पिंपरीला गाडी बदलणे असाच होतो. शिवाय हलक्या गाडीला स्वतंत्र कारशेड लागते, वेगळे कामगार आणि वेगळे सुटे भाग लागतात. अवघ्या साडेचार किलोमीटरसाठी दुसरी यंत्रणा उभी करणे महागात पडते. ट्रामचा विचार करायचा तर तो निगडीच्या पुढच्या भागासाठी करावा, जिथे वस्ती विरळ आहे आणि रस्ते अजून आखायचे आहेत.

ट्रामच्या विस्ताराचे एक उदाहरण मात्र निगडीशी इतके जुळते की ते इथे सांगायलाच हवे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात विमानतळापासून शहरातून लीथ बंदराजवळच्या न्यूहेवनपर्यंत ट्राम न्यायची असे ठरले होते. खर्च आणि वेळ हाताबाहेर गेल्यावर मार्ग अर्ध्यावर कापला, आणि 31 मे 2014 रोजी ट्राम शहराच्या मध्याजवळ यॉर्क प्लेस इथे थांबली. लीथची दाट वस्ती पुढे राहिली. लीथच्या मुख्य रस्त्यावर ट्रामसाठी जमिनीखालच्या वाहिन्या हलवण्याचे काम आधीच झाले होते, पण गाडी आली नाही. पुढे त्याच शहराने 4.7 किमीचा विस्तार हाती घेतला आणि 7 जून 2023 रोजी आठ नव्या थांब्यांसह ट्राम न्यूहेवनला पोहोचली. अर्धवट मार्गामुळे शहराने नऊ वर्षे आधीच केलेल्या खर्चाचा पुरता लाभ घेतला नाही. लांबीही जवळपास निगडीइतकीच.

रस्त्याच्या पातळीवर आणखी एक गोष्ट आहे, ती आराखड्याच्या नकाशात दिसत नाही. निगडी-आकुर्डीला हा महामार्ग फार रुंद आहे. मधे बीआरटीच्या मार्गिका, दोन्ही बाजूंना वेगाने जाणाऱ्या गाड्या, त्यांच्या कडेला सेवा रस्ते, आणि चौकांत भुयारी मार्ग व उड्डाणपूल. पायी जाणाऱ्याला एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाणे म्हणजे दर वेळी जीव मुठीत धरणे. मेट्रोच्या उन्नत स्थानकाला दोन्ही बाजूंनी जिने, सरकते जिने आणि लिफ्ट असतात, आणि तिकीट फाटकाच्या अलीकडचा भाग सगळ्यांना खुला ठेवता येतो. तो तसा ठेवला तर प्रत्येक स्थानक तिकीट न काढणाऱ्यांसाठीही पादचारी पूल होते. प्राधिकरणातल्या मुलाला यमुनानगरच्या शाळेत जाण्यासाठी याचा उपयोग आहे. स्थानकांची रचना अशी व्हावी, याकडे स्थानिक लोकांनी आतापासून लक्ष ठेवायला हवे. बांधून झाल्यावर जिन्याची जागा बदलत नाही.

कात्रजचा विस्तार याच मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो इतका महाग का, हे समजले म्हणजे निगडीची सोपी बाजू स्पष्ट होते. स्वारगेटला मेट्रो आधीच जमिनीखाली आहे आणि मार्केट यार्ड, बिबवेवाडी, बालाजीनगरहून कात्रजपर्यंत ती भुयारातूनच जायची आहे. या दिशेला जमीन चढत जाते. त्याचा पुरावा पेशवाईतला आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ काढला गेला. त्या भुयारात माणूस शिरून साफसफाई करू शके, हवेसाठी ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते, आणि पाणी कुठल्याही यंत्राशिवाय फक्त उताराने शहरातल्या हौदांपर्यंत येई. पाणी ज्या उताराने खाली आले त्या दिशेने गाडीला वर चढायचे आहे, तेही दाट वस्तीच्या खालून. म्हणून तिथला किलोमीटर निगडीच्या अडीचपट महाग आहे. तरीही सातारा रस्त्यावरची गर्दी पाहता तोही हवाच. दोन्ही टोके पूर्ण झाली की भक्ती-शक्ती ते कात्रज असा 27 किलोमीटरहून लांब सलग मार्ग तयार होईल, आणि ‘निगडी-कात्रज’ हा पीएमपीने वर्षानुवर्षे चालवलेला लांबचा प्रवास एका गाडीत बसून होईल.

विस्ताराचा खरा लाभ मात्र स्थानकाबाहेरच्या पहिल्या अर्ध्या किलोमीटरवर ठरतो. भक्ती-शक्तीला देहू, तळवडे, चिखली आणि रावेतच्या बस येतील. त्या स्थानकाच्या जिन्यापाशी थांबल्या, तर प्रवासी मेट्रोत येतील. दोनशे मीटर पलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला थांबल्या, तर अनेक जण पुन्हा दुचाकीवर जातील. निगडीचे जुने बसस्थानक आणि मेट्रोचे निगडी स्थानक यांच्यामध्ये छप्पर असलेली सपाट पायवाट, शेअर रिक्षांना ठरवून दिलेली जागा आणि सायकली ठेवायला सोय हवी. या गोष्टींना 910 कोटींच्या तुलनेत फारच थोडा पैसा लागतो. प्राधिकरणाचे रस्ते सरळ आणि झाडांच्या सावलीचे आहेत. तिथून स्थानकापर्यंत चालत किंवा सायकलने यायला फार तर पंधरा मिनिटे लागतील. मेट्रोच्या भाड्याची सुरुवात 10 रुपयांपासून होते आणि सध्याच्या जाळ्यात ते जास्तीत जास्त 35 रुपये आहे. पण स्थानकापर्यंत यायला रिक्षाला दररोज तीस-चाळीस रुपये मोजावे लागले, तर तेवढेच पैसे मेट्रोच्या तिकिटावर चढतात. म्हणून फीडर बसचे आणि मेट्रोचे एकच तिकीट असावे, आणि प्राधिकरणाच्या सेक्टरांतून फिरणाऱ्या लहान बस मेट्रोच्या वेळेला जोडून सुटाव्यात. रात्रीची शेवटची गाडी भक्ती-शक्तीला पोहोचेल, तेव्हा चिखली-तळवड्याकडे जाणारी एक बस जिन्याखाली दिवे लावून उभी असायला हवी.